आधी पायऱ्या मोज, मग तारे

पत्र

मावशी,
आई-बाबांच्या लग्नाला या वर्षी 40 वर्षं होतायत. बाबा 71 वर्षांचे, आई 66. त्यांना डोंगरात चार रात्री एखाद्या झकास हॉटेलात न्यायचं असं मी आणि दादानं ठरवलंय. आम्ही दोघंही बरोबर असू. दादानं निवडलेलं हॉटेल पंचतारांकित आहे, 3100 मीटर उंचीवर, आणि गरम पाण्याचा पूल थेट कड्याच्या टोकाला. मला एक जुना लाकडी लॉज आवडलाय, 14 खोल्यांचा, 1900 मीटरवर. दादा म्हणतो, "लॉजला कोणी लक्झरी म्हणतं का?" बाबांचे गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. सगळं सरप्राइज ठेवलंय. खर्च निम्मा-निम्मा (दादाचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे, पण ते असू दे). कोणतं घेऊ?
– मधल्या मध्ये

उत्तर

अगं मधल्या मध्ये,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हॉटेलांसाठी आणि एकदा त्या कंसासाठी. कंसाकडे शेवटी येते.

तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून निकाल आधीच सांगून टाकते. दादाचं हॉटेल मुक्कामाला नको. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या 71 वर्षांच्या माणसाला सकाळी घरातून निघून रात्री 3100 मीटरवर झोपायला लावायचं, हे मला पटत नाही. पूल कितीही देखणा असो. तुझा लॉज चालेल, पण तोही फोटोवर भाळून घेऊ नकोस. त्याच्याबद्दल माझ्या मनात दोन-चार शंका आहेत.

आधी उंची, कारण बाकी सगळं पैशांनी थोडंफार सुधारता येतं, ही येत नाही. हवेत प्राणवायूचा वाटा समुद्रकाठी असो की शिखरावर, 21 टक्क्यांच्या आसपासच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात आत जाणारा प्राणवायू. समुद्रसपाटीला 100 धरलं तर तुझ्या लॉजवर साधारण 80, आणि दादाच्या हॉटेलवर 70 च्याही जरा खाली. हा दहा-बाराचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. बाबा कधी विमानात बसले असतील तर 1800 ते 2400 मीटर उंचीवर असते तितकी विरळ हवा त्यांनी काही तास घेतलेली आहे, कारण विमानाच्या केबिनमधला दाब साधारण तेवढाच ठेवतात. म्हणजे 1900 मीटर हा त्यांच्या शरीराला अगदीच नवा अनुभव नसेल. 3100 असेल.

उंची बाधण्याचा त्रास बहुधा 2500 मीटरच्या वर सुरू होतो. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही, रात्री सारखी जाग येते. त्यातली फसवी गोष्ट अशी की हे पोचल्या पोचल्या होत नाही, सहा-बारा तासांनी होतं. संध्याकाळी सगळे हसतखेळत फोटो काढतात आणि मध्यरात्री एक जण पलंगावर डोकं धरून बसलेला असतो. गिर्यारोहणाचे डॉक्टर सांगतात की 3000 च्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाबही थोडा चढतो. म्हणून कुठेही न्यायचं ठरलं तरी आधी बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे ने आणि मुक्कामाची उंची मीटरमध्ये सांग. "थंड हवेच्या ठिकाणी जातोय" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

या नियमात एक सवलत दडलेली आहे, आणि दादाची समजूत काढायला ती तुझ्या कामी येईल. खरी चिंता झोपायच्या उंचीची असते. दिवसा वर जाऊन, तासाभरानं खाली येऊन, खालच्या उंचीवर झोपलं तर शरीर फारशी तक्रार करत नाही. पेरूमध्ये माचू पिचू पाहायला जाणारे लोक माचू पिचूला घाबरतात, पण ते आहे फक्त 2430 मीटरवर. लोकांना त्रास होतो तो कुस्कोत, कारण विमान उतरतं ते शहर 3400 मीटरवर आहे. जाणकार मंडळी विमानतळावरून थेट खाली उतरून 2800-2900 मीटरवरच्या उरुबांबाच्या खोऱ्यात पहिल्या रात्री काढतात आणि कुस्को परतीच्या वेळी पाहतात. ठिकाणं तीच, फक्त रात्रींचा क्रम बदलला. स्वित्झर्लंडमध्ये त्सेरमाट गाव सुमारे 1600 मीटरवर आहे. तिथून गोर्नरग्राटला 1898 पासून दातेरी रुळांची आगगाडी जाते आणि अर्ध्या तासाच्या आसपास तुम्हाला 3100 मीटरवर नेऊन सोडते. वर हॉटेलही आहे. पण बहुतेक लोक वर जातात, डोळे भरून पाहतात आणि झोपायला खाली येतात.

तुमची दोन्ही ठिकाणं एकाच डोंगररांगेत असतील तर मुक्काम लॉजवर करा आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या हॉटेलात जेवायला जा. अर्थात डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. बाहेरच्या पाहुण्यांना आधी सांगून जेवायला येऊ देणारी मोठी हॉटेलं बरीच असतात. फोन करून विचार. दादाला पूल हवा असेल तर त्याला पोहू दे, बाबा काठावर बसून त्याचे फोटो काढतील. आणि हॉटेलच्या जाहिरातीत 'खोलीत ऑक्सिजनची सोय' असं दिसलं तर त्याला सुविधा समजून हुरळून जाऊ नकोस. एव्हरेस्टच्या वाटेवर 3880 मीटरवर एक हॉटेल आहे, तिथे पाहुण्यांसाठी ऑक्सिजन ठेवतात, आणि ठेवायलाच हवा. तशी सोय लागावी इतक्या उंचीवर आपण चाललोय, हे त्यातून वाचायचं असतं.

आता पायऱ्या. इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी.

मी अनेक वर्षं लोकांच्या सहली आखून दिल्या. त्यामुळे स्वतःच्या सासूबाईंसाठी हॉटेल निवडताना मला कोणाला काही विचारायची गरज वाटली नाही. नामांकित हॉटेल होतं, नाव घेत नाही. उतारावर पसरलेली सुंदर कॉटेजेस, प्रत्येकाला स्वतंत्र अंगण, खाली धुक्यानं भरलेली दरी. पोचलो तेव्हा कळलं की आमचं कॉटेज रिसेप्शनपासून 86 पायऱ्या खाली आहे. जेवणघर रिसेप्शनच्या वर. छोटी बॅटरीवरची गाडी होती, पण पाऊस पडला की ती बंद, आणि पाऊस तीनही दिवस पडला. सासूबाईंनी तीन दिवस सगळी जेवणं खोलीतच घेतली. निघताना मी भीत भीत विचारलं, "आई, कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "खोली छान होती हो." त्यानंतर आजतागायत मी कोणत्याही डोंगरी हॉटेलला पहिला प्रश्न पायऱ्यांचाच विचारते.

आणि "लिफ्ट आहे का?" असं विचारून भागत नाही. लिफ्ट असते, पण मुख्य इमारतीत, आणि तुझी खोली असते तिसऱ्या टप्प्यावर. डोंगरात सपाट जागा मिळत नाही म्हणून बांधकाम टप्प्याटप्प्यानं उतरत जातं. हॉटेल जितकं आलिशान आणि ऐसपैस, तितके टप्पे जास्त. असं विचार: गाडीतून उतरल्यापासून पलंगापर्यंत किती पायऱ्या? पलंगापासून जेवणाच्या टेबलापर्यंत किती? वाटेत कठडा आहे का, रात्री दिवे असतात का, पाऊस किंवा बर्फ पडला की काय करता? न्हाणीघरात टबची उंच कड ओलांडून आत जावं लागतं का, की शॉवर सपाट आहे? धरायला दांडी आहे का? फोनवरचा माणूस "काळजी करू नका, आमची माणसं आहेत" म्हणाला की समज, पायऱ्या बऱ्याच आहेत. जो म्हणतो, "थांबा मॅडम, मोजून सांगतो," त्या हॉटेलात जा. तुझा लाकडी लॉज जुना आहे, म्हणजे लिफ्ट नसण्याचीच शक्यता जास्त. तळमजल्यावरची खोली मिळणार असेल तरच तो बाबांसाठी आहे, आणि तसं लेखी घे.

दादाच्या ताऱ्यांकडे येते. सगळ्या जगाला मिळून तारे देणारी एकच संस्था अस्तित्वात नाही. प्रत्येक देशाची पद्धत वेगळी, काही ठिकाणी सरकार देतं, काही ठिकाणी हॉटेलांची संघटना. युरोपातल्या काही देशांनी 2009 मध्ये एकत्र येऊन सामायिक निकष केले. फ्रान्सला तर पाच ताऱ्यांनीही भागेना, म्हणून 2010 मध्ये त्यांनी त्याच्या वर 'पॅलेस' असा आणखी एक दर्जा काढला. 'सात तारांकित' वगैरे जाहिरातवाल्यांचं. आणि तारे मोजतात काय? खोलीचं आकारमान, रिसेप्शन किती तास उघडं, लिफ्ट, पूल, खोलीत जेवण मिळतं का. शहरातल्या हॉटेलला हा हिशोब पुरतो. पण खिडकीतून ऊन येतं का, गरम पाणी सकाळी सातला सगळ्यांनी एकदम नळ सोडले तरी येतं का, वरच्या मजल्यावरच्या माणसाची पावलं रात्री ऐकू येतात का, याला तारा नाही.

'लॉज' या शब्दानं दादाचा गोंधळ होणं स्वाभाविक आहे. मराठीत लॉज म्हटलं की 'बोर्डिंग-लॉजिंग'ची पाटी, वर जळमटं आणि खाली बाकावर पेंगणारा मॅनेजर डोळ्यांसमोर येतो. डोंगराच्या संदर्भात त्या शब्दाचा इतिहास वेगळा आहे. शिकारीला किंवा डोंगर चढायला गेलेल्यांनी रात्री एकत्र शेकोटीभोवती बसायचं घर, असा तो अर्थ. त्यातूनच पुढे दगड-लाकडाच्या मोठ्या वास्तू उभ्या राहिल्या. अमेरिकेत ऑरेगन राज्यात माउंट हूडच्या उतारावर सुमारे 1800 मीटरवर टिंबरलाइन लॉज आहे. महामंदीच्या काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारी योजनेतून ती वास्तू बांधली. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः तिच्या समारंभाला गेले होते. दारांच्या लोखंडी कड्या, कोरीव खांब, हातमागावरचे पडदे, सगळं कारागिरांच्या हातचं. आज ती अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपली जाते. दादाला ही गोष्ट सांग. पण तुझाही लॉज तसाच असेल असं मी म्हणत नाही. 14 खोल्यांच्या जागेत माणसं आपुलकीनं वागतात, दुसऱ्या दिवशी तुमच्या आवडी लक्षात ठेवतात, हे खरं. त्याच जागेत रात्री दहानंतर जागं कोणी नसतं, हेही तितकंच खरं. रात्री बाबांना बरं वाटेनासं झालं तर कोणाला उठवायचं, गाडी आणि चालक जागेवर असतो का, सगळ्यात जवळचं इस्पितळ रस्त्यानं किती तासांवर आहे, हे विचार. 'किलोमीटर' विचारू नकोस, घाटात किलोमीटरला अर्थ नसतो.

उबेचंही नीट विचार. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. तुझा लॉज दादाच्या हॉटेलपेक्षा सात-आठ अंशांनी उबदार असणार, तरी पहाटे हुडहुडी भरेलच. खोली गरम कशानं करता, रात्रभर करता की ठरावीक वेळीच? वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो, की फक्त दिवे? एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धूर बाहेर जायची सोय नसलेला गॅसचा हीटर आणून ठेवला तर नको म्हण. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. शेकोटी हवी तर धुराडं असलेली, बैठकीच्या दालनात.

खिडकीबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण पैसे खरं तर तिचेच घेतात आणि लोक तिच्याबद्दलच सगळ्यात कमी विचारतात.

'माउंटन व्ह्यू' लिहिलेलं असतं, पण डोंगर कुठल्या दिशेला? उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो. डोंगर तुझ्या उत्तरेला असेल तर त्याची उजळलेली बाजू तुला दिवसभर दिसेल, फोटो सुरेख येतील, पण खिडकी उत्तरेकडे असल्यामुळे खोलीत उन्हाचा कवडसा पडणार नाही. डोंगर दक्षिणेला असेल तर उलट. खोलीत ऊन मिळेल, पण डोंगर उन्हाच्या आड, काळसर दिसेल. शिवाय तो उंच आणि जवळ असेल तर ऊनच अडवेल. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं धरायचं. नॉर्वेमधलं र्‍युकान हे गाव अरुंद खोऱ्यात आहे, तिथे सप्टेंबरपासून मार्चपर्यंत ऊन पोचतच नाही. 2013 मध्ये त्यांनी डोंगरावर मोठे आरसे बसवले आणि गावच्या चौकात ऊन पाडलं. हॉटेलवाले तुझ्यासाठी आरसे बसवणार नाहीत. म्हणून बाबांच्या गुडघ्यांसाठी आणि त्या दोघांच्या सकाळच्या चहासाठी माझं मत पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे उघडणाऱ्या, बसता येईल अशा सज्जाच्या खोलीला आहे. दृश्य थोडं कमी असलं तरी. पूर्वेचा आणखी एक फायदा: डोंगरात सकाळ बहुधा निरभ्र असते आणि दुपारी ऊन तापलं की ढग चढतात. ज्याला दृश्य पाहायचंय त्याला ते नाश्त्याच्या आत पाहून घ्यावं लागतं.

हॉटेल उतारावर कुठे बसलंय तेही बघ. अगदी माथ्यावरच्या हॉटेलला चारही बाजूंनी दृश्य मिळतं आणि चारही बाजूंनी वारा, आणि ढग आला की हॉटेलच ढगात जातं. तळाशी, नदीकाठच्या हॉटेलात सकाळी ऊन उशिरा येतं आणि निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारावरून घरंगळत तिथेच साचते. नदीचा आवाज पहिल्या रात्री संगीत वाटतो, तिसऱ्या रात्री झोपमोड. मधल्या उतारावरची जागा बहुतेक वेळा सगळ्यात सुखाची. हे सगळं नकाशाच्या उपग्रह चित्रात घरबसल्या दिसतं, डोंगराच्या सावल्यासुद्धा. आणि हॉटेलला सांग: "आम्हाला मिळणार असलेल्या खोलीच्या खिडकीतून आजच्या आज मोबाइलवर एक फोटो काढून पाठवा." चांगली हॉटेलं पाठवतात. एकदा एका ग्राहकासाठी मी असा फोटो मागवला, तर 'व्हॅली व्ह्यू'मध्ये दरीच्या अलीकडे धोबीघराच्या दोऱ्या आणि त्यावर वाळत घातलेल्या तीसेक चादरी दिसत होत्या. माणसं प्रामाणिक होती, हे मान्य करायला हवं.

तारखांबद्दल थोडक्यात. डोंगरातल्या हॉटेलांना दोन हंगामांच्या मधे एक मरगळीचा काळ असतो. दर उतरतात, पण रोपवे दुरुस्तीला बंद असतो, पूल रिकामा असतो, निम्मी माणसं सुट्टीवर गेलेली असतात. आल्प्समधली बरीच हॉटेलं वसंत ऋतूत आणि शरदात काही आठवडे चक्क टाळं लावतात. स्वस्त मिळालं म्हणून खूश होण्याआधी "त्या आठवड्यात काय काय बंद असेल?" असं विचार. रस्ता बंद झाला तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घे. आणि मुक्कामी दिवसाउजेडी पोचा. अंधारात घाट चढून, वळणांनी मळमळून, रात्री नऊला कुठल्याही हॉटेलात पोचलं तर ते वाईटच वाटतं. काही गावांत शेवटचा टप्पा गाडीनं जाताच येत नाही. ते त्सेरमाटच घे, तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, अलीकडच्या गावात गाडी ठेवून आगगाडीनं जावं लागतं. तरुणाला यात गंमत वाटते. सामान आणि गुडघे सांभाळणाऱ्याला कोणी न्यायला येणार आहे का, ते आधी ठरवावं.

रिव्ह्यू वाचशील तर पाच तारेवाले आणि एक तारेवाले सोडून दे, तीन तारेवाले वाच. ते लोक तावातावानं लिहीत नाहीत, तपशील देतात. तुम्ही जाणार त्याच महिन्यातले वाच, आणि 'आई', 'सासरे', 'पायऱ्या', 'गरम पाणी' हे शब्द शोध.

आता कंस.

पत्रात हॉटेलांवर इतकी वाक्यं आहेत आणि पैशांवर एकच, तेही कंसात, आणि शेवटी "ते असू दे". अगं, मला वाटतं तुझा अर्धा लॉज त्या कंसात आहे. लॉज तुला आवडलाय यात शंका नाही. पण दादाचं हॉटेल निम्म्यानं परवडणारं नाही हे बोलता येत नाही, म्हणून लाकडाच्या भिंतींचं कौतुक करणं सोपं जातंय, असंही असू शकेल. मी चुकत असेन तर सोडून दे. चुकत नसेन तर दादाला एकटं गाठ आणि सरळ सांग: "माझ्याकडून इतकेच होतील. त्यात लॉजच्या चार रात्री बसतात. वरचं दुपारचं जेवण तुझ्याकडून." भावंडांत निम्मा-निम्मा हाच न्याय असतो असं कोणी ठरवलं? कमाईच्या मानानं वाटून घेतलं तर कोणी लहान होत नाही. दादाला कदाचित हे सुचलंच नसेल. ज्याच्या खिशाला टोचत नाही त्याला खिसा आठवत नाही, त्यात त्याचा दोष नाही, पण त्याला सांगणं तुझ्याकडे आहे. आणि त्याच्या हॉटेलला नाही म्हणताना कारण बाबांच्या डॉक्टरांचं सांग, पैशांचं वेगळं सांग. दोन्ही एकात मिसळलंस तर त्याला वाटेल की प्रकृती हे निमित्त आहे.

तेही जमत नसेल तर रात्री कमी करा. चार रात्री कुरकुरत काढण्यापेक्षा तीन रात्री पूर्वेकडच्या सज्जाच्या खोलीत काढलेल्या बऱ्या. फक्त तीनच्या खाली जाऊ नका. पहिला दिवस प्रवासाचा शीण उतरण्यात जातो, शेवटचा बॅगा भरण्यात.

राहिलं सरप्राइज. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे बाबांना कळणारच, ते टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. गोळ्या घेणाऱ्या माणसाला न विचारता डोंगरावर नेणं बरोबर नाही. पण मला खटकलं ते वेगळंच. बाबांचे गुडघे मला कळले, रक्तदाब कळला. दादाला पूल आवडतो, तुला लाकूड आवडतं, हेही कळलं. आईबद्दल पत्रात फक्त एक आकडा आहे, 66. तिला डोंगर आवडतो का? तिला चार दिवस काहीही न करता बसायला आवडेल, की दुसऱ्या दिवशीच ती अस्वस्थ होऊन खोली आवरायला लागेल? तिला थंडी सोसते का? रात्री नदी ऐकत तिला झोप लागेल का? चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर ती जिथे जिथे गेली, त्यातली कुठली खिडकी तिच्या लक्षात राहिली आहे?

आज संध्याकाळी तिला फोन कर. हॉटेलचं काही बोलू नकोस. फक्त विचार, "आई, तुला कधी डोंगरात राहावंसं वाटलं तर कसली जागा हवी गं?" तिला लगेच संशय येईल. येऊ दे. ती काय म्हणते ते लिहून ठेव आणि मग लॉजला फोन लावून पायऱ्या विचार.

– मावशी